सागाची होळी

"गोविंदा, इथली थप्पी कुठं गेली गा?"

डेपोबाबू देवरावांच्या तोंडात कडुनिंबाची काडी होती, ती तशीच राहिली. नाल्याच्या बाजूला काल संध्याकाळपर्यंत सागाच्या बल्ल्यांचा चौदा नंबरचा लॉट रचलेला होता. आज सकाळी तिथे चार दगड होते, ओलसर मातीचा एक लांबट डाग होता आणि बैलगाडीच्या चाकांच्या दोन रेघा फाटकाकडे गेल्या होत्या. बल्ल्या म्हणजे काही थोर लाकूड नव्हे. मनगटापेक्षा जाड, मांडीपेक्षा बारीक, सालीसकट, छपराला घालतात त्या. पण साग तो साग, आणि परवा त्याचा लिलाव होता.

"देल्ली नं," चौकीदार गोविंदा शांतपणे म्हणाला. "होळीची थप्पी नाई का ते? काल गाववाले गाडी घेऊन आले, देऊन टाकली."

"कोनी सांगतलं तुले?"

"तुमीच. नाल्याकडची थप्पी गाववाल्यायले देऊन दे, असं म्हणून तुमी अंघोळीले गेले."

देवरावांनी काडी थुंकली. गोविंदा खोटं बोलत नव्हता, आणि तेच वाईट होतं. खोटं बोलत असता तर निदान त्याच्यावर ओरडता तरी आलं असतं.

उमरेडच्या वाटेने नागपूरपासून एस.टी.ने दीड-दोन तास गेलं, की जंगलाच्या तोंडाशी हा सरकारी लाकडाचा डेपो होता. जंगलात तोडलेला माल इथे यायचा, त्याच्या बुडावर हातोड्याने सरकारी शिक्का बसायचा, थप्प्या लागायच्या आणि मग लिलावाला नागपूरचे व्यापारी यायचे. उरलेसुरले फाटे, वाकडी-पोकळ खोडं, साली यांचा एक ढीग दरवर्षी नाल्याकडे साठायचा. होळीला तो ढीग शेजारच्या हिवरटोल्याला द्यायचा, ही रीत देवराव येण्याच्या आधीपासूनची. त्या बदल्यात हिवरटोला होळीसाठी उभ्या झाडाला कुऱ्हाड लावत नसे. शिवाय थंडीत जाळरेषा काढायला, म्हणजे जंगलातले गवताचे पट्टे आधीच जाळून मोकळे करायला, आणि उन्हाळ्यात वणवा पेटलाच तर तो झोडपायला सगळं गाव धावून येई. हे कुठल्याही सरकारी कागदावर नव्हतं. रेंजरसाहेबांना ठाऊक होतं, पण होळीच्या आदल्या दिवशी त्यांना नेमकं नागपूरला काम निघायचं.

यंदा वरून सक्त ताकीद आली होती की विक्रीच्या मालाजवळ काडीकचरा दिसता कामा नये, ठिणगी पडली तर सगळा डेपो जाईल. देवराव असल्या बाबतीत फार पक्के. त्यांनी मागच्याच आठवड्यात मजूर लावून तो ढीग नाल्याकडून उचलला आणि फाटकाबाहेर टाकला. जागा झाडून घेतली. मोकळी झाली म्हणून तिथे नव्याने आलेल्या बल्ल्या रचल्या. सगळं आपल्या हाताने आणि आपल्या हुशारीने केलं. पण जिभेला बिचारीला हे कुणी सांगितलंच नव्हतं. तिला इतक्या वर्षांची सवय, तिने आपलं म्हणून टाकलं, नाल्याकडची थप्पी.

"तुले शिक्के नाई दिसले?"

"दिसले," गोविंदा म्हणाला. "मले वाटलं, यंदा सरकारनं शिक्का मारून देल्लं."

देवराव सायकल काढायला गेले. परवा मोठे साहेब येणार, व्यापारी येणार, आणि तेरानंतर एकदम पंधरा नंबर पुकारला जाणार. निलंबन तर झालंच असतं. पण देवरावांना निलंबनापेक्षा दुसऱ्याच गोष्टीची भीती वाटत होती. मागे एका डेपोतल्या महादेवराव नावाच्या बाबूवर असाच ठपका आला होता. चौकशीत तो निर्दोष सुटला, पण लोकांनी त्याला सोडलं नाही. तो भाजी घ्यायला निघाला तरी मागून कुणीतरी म्हणायचं, लाकूड खाल्लेला माणूस चालला. देवरावांनी आयुष्यात कुणाची पेन्सिलसुद्धा घरी नेली नव्हती. नागपूरला महाल भागात त्यांची बायको चंद्रकला पुरणपोळ्या करून त्यांची वाट पाहणार होती. तिच्या कानावर हे कुणी घातलं तर?

हिवरटोल्यात मारुतीच्या देवळापुढे होळी उभी होती. देवरावांनी ती लांबूनच पाहिली आणि सायकलवरून उतरले. असली देखणी होळी त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. मध्ये एरंडाची फांदी, आणि भोवती आपल्या चौदा नंबरच्या बल्ल्या, एकसारख्या, सरळ, टोकं जुळवून उभ्या केलेल्या. बुडाचे शिक्के मुद्दाम बाहेरच्या अंगाला ठेवले होते, दिसायला बरे म्हणून.

"या बाबूजी!" बाबनराव पाटील पारावरून उठले. धोतर, टोपी आणि मिशीत हसू. "यंदा तं सरकारनं कमालच केली. बाजूच्या गावचे लोक पाहून पाहून जाऊन राहिले. सागाची होळी! आमच्या आज्यानं नाई पाहिली असन."

देवराव पारावर टेकले. पाणी मागितलं, ते प्यायले आणि मग झालं ते सगळं सांगितलं, काहीही न लपवता. "चूक माही हाये पाटील. गोविंदाची नाई, तुमचीबी नाई. तुमच्या हक्काचा ढीग फाटकापाशी तसाच पडून हाये. तो घेऊन जा आन् ह्या बल्ल्या मले वापस द्या."

पाटलांच्या मिशीतलं हसू गेलं. भोवती माणसं जमली होती, ती एकमेकांकडे पाहू लागली.

"बाबूजी," पाटील हळू आवाजात म्हणाले, "तुमी काई परके नाई. पण होळीवर चढलेलं लाकूड खाली उतरोत नाई. ते देवीचं झालं."

"अजून पेटवली कुठं?"

"पेटवाचं काय घेऊन बसले? एरंड गाडला का झालं." पाटलांनी गर्दीत पाहिलं. "ए रुपराव, सांग बाबूजीले."

रुपराव पुढे आला. उंच, वाळका माणूस. "पोरायनं माहं नवं जू नेऊन होळीवर टाकलं होतं. मी रागारागानं काढून आनलं. पंधरा दिवस नाई झाले, बैल विहिरीत पडला. एवढा मोठा बैल, बाबूजी." त्याने हाताने बैलाची उंची दाखवली आणि हात तसाच थोडा वेळ हवेत राहू दिला.

देवरावांचा स्वतःचा अशा गोष्टींवर विश्वास होता की नव्हता, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. होळीच्या दिवशी तर मुळीच नाही.

"मंग आता पोलीस आनता का?" मागून कुणीतरी विचारलं. विचारण्यात राग नव्हता.

पोलिसांचा विचार देवरावांच्या मनात सायकलवर असतानाच येऊन गेला होता. शिक्क्याचा माल, उघड्यावर पडलेला. एक चिठ्ठी पाठवली असती तर दुपारपर्यंत दोन शिपाई आले असते. देवरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"पोलीस आनला तं लॉट भेटन मले," ते म्हणाले. "पण उद्या जंगल पेटलं तं हाक कोनाले मारू? शिपायाले?"

कुणीतरी हसलं. वातावरण जरा सैल झालं, पण बल्ल्या होत्या तिथेच होत्या.

इतक्यात बायांच्या घोळक्यातून प्रयागबाई पुढे आली. साठीची, ठेंगणी, डोक्यावरून लुगड्याचा पदर घट्ट ओढलेला. तिच्या हातात चाकोल्यांची माळ होती. शेणाच्या लहान लहान भोकाच्या चकत्या वाळवून ओवलेली ही माळ होळीला घालतात, आणि हिवरटोल्यात पहिली माळ घालायचा मान प्रयागबाईचा होता. त्यामुळे होळीच्या दिवसापुरतं तिच्यापुढे पाटलाचंही चालत नसे.

"काहून एवढा घोर लावून घेता, बाबनराव?" ती म्हणाली. "होळी उणी नाई झाली पायजे, एवढंच. एक लाकूड ठेवाचं, मंग एक काढाचं. आधी ठेवाचं, मंग काढाचं. होळीचं पोट भरलेलं राह्यलं का तिले काई समजत नाई. आन् माही माळ अजून पडली नाई."

"हे कोनी सांगतलं?" पाटलांनी संशयाने विचारलं.

"माह्या सासूनं."

आता मेलेल्या सासूला साक्षीला कोण बोलावणार? म्हातारे एकमेकांशी कुजबुजले. रुपराव म्हणाला, "मी तं जू काढलं होतं, पण बदल्यात काई ठेवलं नोतं." हे त्याने असं म्हटलं, जणू त्या बैलाच्या मरणाचा त्याला इतक्या वर्षांनी उलगडा झाला. पाटलांनी मान डोलावली. गाड्या जुंपा, डेपोतून फाटे आणा, चंद्र वर यायच्या आत अदलाबदल करून घेऊ, असं ठरलं. देवरावांनी टोपी डोक्यावर चढवली. बैल सोडायला माणसं निघालीसुद्धा.

आणि बोडीच्या, म्हणजे गावच्या लहान तळ्याच्या पलीकडून, जंगलाच्या अंगाने, धूर वर आला.

पहिल्यांदा तो पांढरा आणि पातळ होता. मग बुडाशी पिवळा झाला. मोहफुलं टपकायचे दिवस होते. झाडाखालचा पाला जाळून जागा साफ करतात, म्हणजे फुलं वेचायला सोपी जातात. दरवर्षी कुणीतरी तसं करतं, दरवर्षी त्याला सांगतात की आग विझवल्याशिवाय जाऊ नको, आणि दरवर्षी कुणीतरी जातंच.

देवरावांना हाक मारावी लागली नाही. ते पारावरून उठेपर्यंत निम्मं गाव बोडीच्या पाळीवर पोचलं होतं. जाता जाता माणसं पळसाच्या, तेंदूच्या हिरव्या डहाळ्या तोडून घेत होती. देवरावही धावले. तीन पिढ्यांच्या बैठ्या कामाने बाबू लोकांची धावायची सवय गेलेली असते. बोडी संपायच्या आत त्यांच्या एका चपलेचा अंगठा तुटला, मग त्यांनी दुसरीही टाकून दिली.

आग चांगली लांबवर पसरली होती आणि वाऱ्यावर डेपोच्या दिशेने येत होती. पण पुढे जाळरेषा होती. ह्याच माणसांनी पौषात काढलेली. काळी, मोकळी, दोन गाड्या शेजारून जातील एवढी रुंद. आग त्या काठापर्यंत आली आणि पुढे खायला काही नाही म्हणून जागच्या जागी घुटमळायला लागली. देवरावांच्या तोंडून "वा!" निघून गेलं.

एका जागी मात्र घात झाला होता. उताराला सागाचा पाला वाऱ्याने वाहून आणला होता आणि त्याने जाळरेषा पार भरून गेली होती. सागाचं पान सुपाएवढं. एक पेटलं की उडतं. तिथून आग अलीकडे उतरली.

"इकडं! इकडं या!" बाबनराव पाटील ओरडले आणि स्वतःच आधी घुसले. सकाळी लाकूड उतरोत नाही म्हणणारा हा माणूस आता सरकारच्या लाकडापुढे डहाळी घेऊन उभा होता, मिशीची एक बाजू होरपळली तरी हटायला तयार नव्हता. रुपराव त्याच्या डावीकडे. देवराव उजवीकडे, अनवाणी, खाकी शर्टाची बटणं तुटलेली. झोडपायचं म्हणजे नुसतं मारायचं नसतं, डहाळी दाबून धरायची, जाळ गुदमरवायचा, मग पुढे सरकायचं. धुराने काही दिसत नव्हतं. शेजारी कोण आहे ते खोकल्यावरून ओळखायचं.

किती वेळ गेला, कुणालाच सांगता आलं नसतं. एकदा देवरावांनी डहाळी उचलली आणि खाली दाबायला जाळच नव्हता. त्यांनी उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. काळी जमीन, थोडा धूर, आणि तोंडं काळी झालेली माणसं, सगळी आपापल्या डहाळीकडे बघणारी. मग कुणीतरी हसायला लागलं आणि सगळेच हसले. देवराव खाली बसले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, त्यातलं धुराचं किती आणि दुसरं किती याचा हिशेब त्यांनी केला नाही. डेपो वाचला होता, जंगल वाचलं होतं, कुणाच्या नखालाही धक्का लागला नव्हता. त्यांना इतकं बरं वाटलं, की आपण इथे कशासाठी आलो होतो तेही क्षणभर आठवेना.

आठवलं तेव्हा सूर्य झाडांच्या शेंड्यावर टेकला होता. आता गाड्या डेपोत कधी जाणार, भरणार कधी आणि येणार कधी? चंद्र काही थांबणार नव्हता.

"पाटील," देवराव म्हणाले, "जाऊ द्या. लावा होळी."

"आन् तुमचं?"

"मी सायबाले खरं खरं सांगीन. मंग त्यायच्या मनात येईन ते करतीन." हे म्हणताना त्यांच्या आवाजात कापरं नव्हतं, याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. सकाळी ज्या गोष्टीची भीती वाटत होती, ती तशीच होती, पण मघाशी त्यांनी जे पाहिलं त्यापुढे ती लहान झाली होती. पाटलांनी देवरावांना हात धरून उठवलं.

देवळाचा कळस दिसला, मग होळी दिसली, आणि पाटील थांबले.

होळी भरलेली होती, पण सागाची नव्हती. बल्ल्या देवळाच्या भिंतीला लावून नीट रचल्या होत्या, शिक्के बाहेर करून. आणि एरंडाभोवती उभं होतं हिवरटोल्याचं घर न् घर. खाटेचे पाय, मोडका पाळणा, वखराचं खोड, चाकाचे आरे, उखळाची फुटकी कड, एक सबंध दाराची चौकट, दोन मुसळं. माणसं जंगलाकडे धावली तेव्हा मागे राहिलेल्या बायांनी एकेक वस्तू घरातून आणली होती. आधी ठेवायचं, मग काढायचं. बल्ल्या दोघीदोघींनी उचलल्या होत्या. पुरणाचे हात धुवायलाही कुणाला सवड झाली नव्हती.

"माही खुर्ची!" पाटील एकदम ओरडले. ढिगाच्या मध्यावर त्यांची तीन पायांची आरामखुर्ची पाय वर करून बसली होती. चौथा पाय बसवून घेऊ असं ते कित्येक वर्षं म्हणत होते.

त्यांची बायको जयवंता पदर खोचून उभी होती. "हात नोका लावू," ती म्हणाली. "होळीवरचं लाकूड खाली उतरोत नाई. तुमीच तं म्हणता."

गाव हसून हसून वाकलं. पाटीलही शेवटी हसले, जळक्या मिशीने. गाड्या जुंपल्या गेल्या आणि उजेड होता तेवढ्यात बल्ल्या डेपोच्या वाटेला लागल्या. रुपराव स्वतः पुढच्या गाडीवर बसला. गोविंदाला निरोप द्या, देवराव म्हणाले, की थप्पी लावून तिच्यापाशीच खाट टाक आणि मी सांगितलं तरी कुणाला देऊ नको.

मग त्यांनी होळीला एक फेरी घातली. ही सगळी घरं आपल्यासाठी रिकामी झाली, या विचाराने त्यांना संकोच वाटत होता आणि बरंही वाटत होतं. देवळाकडच्या बाजूला ते थबकले. तिथे एक लांब, जाड, तुकतुकीत काळी तुळई उभी होती. शेजारी तसल्याच दोन उभ्या चौकटी आणि एक फळी, माणसाच्या पायाने मध्यभागी झिजलेली. देवरावांचं आयुष्य लाकडात गेलं होतं, आणि महालात त्यांच्या घरामागे कोष्ट्यांची वस्ती होती. हा हातमाग होता. मोडका नव्हे. फक्त सुटा केलेला.

"हा कोनाचा?"

"माहा," प्रयागबाई म्हणाली. ती माळ हातात घेऊन मागे येऊन उभी राहिली होती. "आमचे हे उमरेडवरून आनले होते, लग्नाच्या साली. ते गेले तवापासून मांडवात उभा होता. रोज पुसत होती."

देवरावांचा हात पुढे गेला. तुळईला लागायच्या आत थांबला. दिवसभर ज्या रीतीशी ते भांडले होते, ती आता त्यांच्याच आड आली होती.

"प्रयागबाई," त्यांनी हळूच विचारलं, "खाटेचा पाय ठेवला असता तरी चाललं असतं. एवढं काहून?"

तिने इकडेतिकडे पाहिलं. बाया लांब होत्या.

"सासूनं मले काईच सांगतलं नोतं, बाबूजी. सासू माह्याशी बोलत कुठं होती? मी आपलं मनानंच सांगतलं. लोकायनं आयकलं. मंग मले भेव लागलं. आता खोटं पडलं न् देवी कोपली, तं ते कोनाच्या घरी जाईन? लेकरंबाळं हायेत लोकायच्या घरी. म्हणलं आपण सगळ्यायहून मोठं ठेवावं. म्हणजे तिचं माह्यावर पहिलं ध्यान जाईन."

देवरावांनी दोन्ही हात जोडले. होळीला की प्रयागबाईला, हे पाहणाऱ्याला कळलं नसतं.

चंद्र बोडीच्या पाळीवर आला. प्रयागबाईने पहिली माळ घातली, पाटलांनी चूड लावली, बोंबा उठल्या. पाळणा पेटला, खाटेचे पाय पेटले, पाटलांची खुर्ची तडतडली तेव्हा पुन्हा हशा झाला. मागाची तुळई सगळ्यांत शेवटी पेटली. पण पेटली ती शांतपणे, सरळ, वरपर्यंत एका जाळाने.

प्रयागबाई पदर तोंडाशी धरून पाहत होती. बऱ्याच वेळाने तिने देवरावांकडे मान वळवली.

"चांगलं वाळलं होतं," ती म्हणाली. "पाहा, जरासाबी धूर नाई."